घाट गल्लीतून आधी कोण?

“मॅडम, हे थांबणार कवा?”

प्रश्न ईश्वरी मगदूमच्या तोंडून आला, पण तो तिचा एकटीचा नव्हता. मागच्या बाकावरून अल्फिया मुल्लाणीनं दोनदा तिच्या पाठीत पेन टोचलं होतं आणि प्रणोतीनं पैज लावली होती, “विचारून दाखव. आठवडाभर माझ्या डब्यातली शेंगाचटणी तुझी.” वर्षभरापूर्वीची ईश्वरी असती तर तिनं मुकाट्यानं शेंगाचटणीवर पाणी सोडलं असतं. पण जानेवारीत गॅदरिंगचं निवेदन ऐनवेळी तिच्या गळ्यात पडलं, हातात माइक आला, समोरचे सातशे लोक तिच्या एका वाक्याला हसले, आणि तेव्हापासून गप्प बसणं तिला जमेनासंच झालं. ती ताडकन उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि विचारून मोकळी झाली.

उदवाळच्या शाळेचा हॉल गच्च भरला होता. पडद्यावर गेली सव्वीस मिनिटं दोनच शब्द दिसत होते, ‘विचार सुरू.’ शेजारी एक निळं वर्तुळ गोल गोल फिरत होतं. म्हाताऱ्या माणसांनी एव्हाना डुलक्या काढायला सुरुवात केली होती.

स्टेजवरच्या देवयानी शेंडे मॅडम तिशीच्या आतल्या होत्या आणि पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, वर्तुळाकडं एकदा बघितलं, मग ईश्वरीकडं.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेत बसलेले ईश्वरीचे पप्पासुद्धा हसले. ते बाळगोंडा मगदूम, दूध संस्थेचे चेअरमन. अख्खं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. ते हसले की गावाला हसायला परवानगी मिळायची.

“हसा,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “पण तीन आठवड्यांत मला हा प्रश्न विचारणारी ही पहिलीच. बाकी सगळे विचारतात, बोटी किती देणार?”

प्रकरण असं होतं. उदवाळ कृष्णेच्या वळणात वसलेलं. दर चार-पाच वर्षांनी नदी गावात यायची आणि दरवेळी एकच घोळ व्हायचा. भोंगा वाजायचा, कुणी हलायचं नाही, आणि पाणी उंबऱ्याला लागलं की सगळे एकदम हलायचे. बोटी कमी पडायच्या, नाहीतर नको तिथं जाऊन थांबायच्या. जबरदस्तीनं कुणाला घराबाहेर काढायचं नाही, असा कायदा आता झाला होता. म्हणून जिल्ह्यानं ‘सारथी’ आणला होता. प्रत्येक घरानं फोनवर आपल्या शब्दांत सांगायचं: आम्ही घर कधी सोडू. पुलाच्या खांबावर चार खुणा रंगवल्या होत्या, त्यांचा हवाला द्यायचा, नाहीतर मनाला येईल ती अट घालायची. सारथी ते बोलणं ऐकून त्याचा नियम बनवायचा, तीनशे बारा घरांचे नियम एकत्र मांडायचा आणि कुठल्या खुणेला कुठलं घर निघेल ते सांगायचा. त्याप्रमाणं बोटी आणि ट्रक पावसाळ्याआधीच वाटून टाकायचे.

कागदावर झकास. फक्त सारथी उत्तरच देत नव्हता.

---

दुपारी तिघी मैत्रिणी घाटावर गेल्या तर मॅडम पायरीवर बसून डबा खात होत्या. ईश्वरीनं सरळ शेजारी बैठक मारली. “मॅडम, मघाशी मी मस्करी केलो नव्हतो. खरंच विचारत होतो.”

“केलो? होतो?” मॅडमच्या भुवया वर गेल्या.

“आमच्याकडं पोरी असंच बोलतात,” अल्फिया म्हणाली. “मी जातो, मी येतो. तुम्ही महिनाभर राहिलात तर तुम्ही पण म्हणशीला.”

मॅडम हसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगायला लागल्या. साधा प्रोग्रॅम म्हणजे कृती. आधी फोडणी टाका, मग कांदा घाला, मग पाणी. सारथीला अशी कृती कुणी देत नाही. त्याला फक्त काय खरं आहे ते सांगायचं. समजा, पाणी दुसऱ्या खुणेला लागलं तर कोऱ्यांच्या घरचे निघतील. कोरे निघाले तर शेटे निघतील. मग विचारायचं, शेटे निघतील का? तो उलटा मागं जातो. शेटे कुणावर अवलंबून? कोऱ्यांवर. कोरे कशावर? खुणेवर. खूण तर समोर दिसतेय. झालं, उत्तर ‘हो’. कुठून कसं जायचं ते त्याचं तो शोधतो.

“मग अडतंय कुठं?” ईश्वरीनं विचारलं.

“समज, शेटे म्हणतात कोरे निघाले की आम्ही, आणि कोरे म्हणतात शेटे निघाले की आम्ही. मग?”

ईश्वरीनं मनातल्या मनात दोन्ही घरांच्या चार फेऱ्या मारल्या आणि तिला गरगरलं.

“गजर लावा की,” प्रणोती म्हणाली. “दहा मिनिटं झाली की बंद.”

“बंद होईल. पण उत्तर काय? ‘माहीत नाही’. पाणी दारात आल्यावर ‘माहीत नाही’ घेऊन मी काय करू? आणि माणसांच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे असं कुठलंही यंत्र वापरायचं तर आता समाप्ती-दाखला लागतो. म्हणजे लेखी पुरावा, की हे यंत्र उत्तर देऊन थांबणारच. आज नाही थांबलं, उद्या थांबेल, असलं चालत नाही.”

“तो पुरावा काढणारं पण एक यंत्र करायचं,” ईश्वरी म्हणाली. ही कल्पना तिला फारच आवडली.

“नाही करता येत. म्हणजे समोर येईल त्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल ‘हा थांबेल’ किंवा ‘हा थांबणार नाही’ असं अचूक सांगणारा एकच प्रोग्रॅम कधीही, कुणालाही लिहिता येणार नाही. कित्येक दशकं झाली हे सिद्ध होऊन. पण हातातल्या एखाद्या प्रोग्रॅमबद्दल डोकं चालवून सांगता येतं.” मॅडमनी बोटानं पायरी दाखवली. “इथून पाण्यापर्यंत किती पायऱ्या?”

“एकोणीस,” तिघी एकदम म्हणाल्या. तिघींचं लहानपण त्याच पायऱ्यांवर गेलं होतं.

“समज, मी उतरायला लागले. एकेक पायरी उतरेन, तीन-तीनच्या उड्या मारेन, तुला काहीच सांगणार नाही. अट एकच, प्रत्येक पावलाला खालीच जायचं. किती पावलांत माझे पाय भिजतील?”

“जास्तीत जास्त एकोणीस.”

“मी कशी उतरणार हे माहीत नसताना तू हे ठामपणे सांगितलंस. पुरावा म्हणजे एवढंच. प्रत्येक पावलाला काहीतरी कमी होतं आणि ते शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, हे दाखवायचं. सारथीत तसं काय कमी होतं, ते मी शोधतेय.”

ईश्वरी घरी गेली ती पायऱ्याच मोजत. संध्याकाळी क्लासवरून परत येताना प्रवासी गोळा करत जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिघी गावांच्या भेंड्या खेळत होत्या. सांगली. लातूर. रुकडी. डहाणू. ‘ण’वरून गाव नसतं म्हणून ‘न’ घेतला, नाशिक. मग कागल. मग प्रणोतीनं ठोकलं, “लातूर!”

“बाद!” अल्फिया ओरडली. “लातूर झालंय मघाशीच.”

“न्हाई झालं.”

“झालंय. एकदा घेतलेलं गाव परत घ्यायचं न्हाई. न्हाईतर ह्या खेळाला शेवट कुठला? बसा रात्रभर लातूर-रुकडी करत.”

ईश्वरी सीटवरून अशी उसळली की डोकं जीपच्या टपाला आपटलं. एका हातानं टेंगूळ चोळत दुसऱ्या हातानं तिनं मॅडमना फोन लावला. “मॅडम, वही ठेवा! सारथीला म्हणावं, एकदा विचारलेला प्रश्न वहीत लिही आणि परत विचारू नको. गावं संपली की खेळ संपला. न विचारलेले प्रश्न कमी कमी होत जाणार की!”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ईश्वरी,” मॅडम म्हणाल्या, “ही युक्ती आहे. जुनी आहे, आणि चालते. मीच ती तीन आठवडे टाळतेय.”

“का?”

“उत्तर काय येईल याची भीती वाटते म्हणून. उद्या दुपारी ग्रामपंचायतीत ये. बघू एकदाचं.”

---

रविवारी दुपारी ग्रामपंचायतीत मॅडम, ईश्वरी आणि अल्फिया एवढ्याच होत्या. शेंगाचटणीची पैज हरल्यामुळं प्रणोती घरी खलबत्ता घेऊन बसली होती.

मॅडमनी फळ्यावर हिशोब मांडला. घरं तीनशे बारा. खुणा चार. ‘अमुक खुणेला अमुक घर निघेल का’ असे प्रश्न एकूण बाराशे अठ्ठेचाळीस. त्याच्या पलीकडं प्रश्नच नाही. नवा प्रश्न विचारला की शिल्लक एकानं घटते, जुना आला तर वहीत बघायचं. म्हणजे बाराशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा घाट आणि उलटं चढायला मनाई.

“पुरावा एवढाच?” ईश्वरीला जरा फसवल्यासारखं वाटलं.

“एवढाच. आता चालवते.”

निळं वर्तुळ दिसलंसुद्धा नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा भरला. बाजार गल्ली, घरं अठ्ठ्याऐंशी, निघणारी अठ्ठ्याऐंशी. माळ वस्ती, सगळी. इनाम गल्ली, दोन सोडून सगळी. ईश्वरी आनंदानं टेबलावर ताल धरायला लागली होती, तेवढ्यात तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

घाट गल्ली. घरं एकेचाळीस. निघणारी शून्य. बोटी शून्य.

घाट गल्ली म्हणजे त्यांची गल्ली. ईश्वरीची आणि अल्फियाची. नदीला सगळ्यात जवळची.

“चुकलंय,” ईश्वरी म्हणाली.

“थांबलं, आणि चुकलं नाही.” मॅडमनी खुर्ची तिच्याकडं वळवली. “सारथी सिद्ध झालेलंच खरं धरतो. ‘तो निघाला तर मी’ आणि ‘मी निघालो तर तो’. दोघंही घरात बसून राहिले, तर कुणाचा शब्द मोडला?”

ईश्वरीनं विचार केला. कुणाचाच नाही. दोघंही शब्दाला पक्के राहिले आणि दोघंही बुडाले.

“बिनअटीचं एक तरी वाक्य लागतं,” मॅडम म्हणाल्या. “बाजार गल्लीत कोरे आहेत. त्यांनी सरळ सांगितलंय, दुसरी खूण लागली की आम्ही चाललो. बाकीची गल्ली त्यांच्या जोरावर सुटली. तुमच्या गल्लीत असं एकही घर नाही. मला भीती होती ती हीच. आता दाखला मिळेल, पाच वाजता जिल्ह्याची यादी बंद होईल आणि पावसाळाभर तुमच्या घाटावर एकही बोट ठेवली जाणार नाही. नियमानं.”

“सारथीला विचारता येतं का, का म्हणून?”

“येतं. त्याच्या वहीत सगळं आहे.”

उत्तर म्हणून पडद्यावर नुसती नावं आली नाहीत, लोकांचे आवाजच आले. ज्यानं त्यानं फोनवर जे सांगितलं होतं ते.

“शेजारी मुल्लाणी हलले की आम्ही पण,” हा शेटे मास्तरांचा आवाज.

“अण्णांच्या घरचं कोण पण निघू दे, आम्ही मागोमाग हाय,” हे अल्फियाचे अब्बू. अल्फियानं खाली मान घातली.

मग आणखी एक, आणखी एक. कुणी शेट्यांकडं बोट दाखवलं, कुणी मुल्लाणींकडं, बहुतेकांनी थेट मगदूमांकडं. एकेचाळीस घरांची नजर फिरत फिरत एका घरावर येऊन टेकली आणि त्या घराचा आवाज आला. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्दाला वजन असलेला:

“घाट गल्लीतलं शेवटचं घर हललं की मग मगदूम हलणार. त्याच्या आधी न्हाई.”

कालपर्यंत हे वाक्य ऐकून ईश्वरीची छाती फुगली असती. आज तिची नजर पडद्यावरच्या त्या शून्यावर गेली.

दोघी बाहेर येऊन कट्ट्यावर बसल्या. अल्फियानं चपलेनं माती उकरत बोलायला सुरुवात केली.

“मागच्या पुरात आम्ही तीन दिवस माळ्यावर होतो, आठवतंय तुला? दादीचं दम्याचं मशीन पहिल्याच दिवशी भिजलं. अब्बू घडीघडी खिडकीतनं तुमच्या गच्चीकडं बघायचे. तुझे पप्पा दिसले की म्हणायचे, अण्णा हायत अजून, म्हणजे एवढं काय न्हाई. बोट आली तिसऱ्या दिवशी दुपारी. दादी सकाळी गेली.”

दादी गेली हे ईश्वरीला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि गच्चीवर पप्पांशेजारी उभी राहून अल्फियाला हात करत होती.

“तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? तुझे पप्पा पण आमच्याच खिडकीकडं बघत असणार. मुल्लाणी हायत, मग मी कसा जाऊ, म्हणून.”

ईश्वरी उठून तडक आत गेली. “मॅडम, पप्पांचा नियम मला बदलता येतो?”

“नाही. घराचा नियम घराच्या कर्त्याचा. पण सोळा पूर्ण झालेल्या कुणालाही आपला वेगळा नियम देता येतो. तुझं वय?”

“सोळा आणि दोन महिने.”

मॅडमनी कीबोर्ड जवळ ओढला. “नुसतं करून बघू. नोंद न करता,” असं म्हणत त्यांनी एक ओळ जोडली: दुसरी खूण लागली की ईश्वरी मगदूम निघेल. पुढं काही नाही.

पडदा बदलला. पहिली ईश्वरी. अण्णांच्या घरचं कोण पण, म्हणजे मुल्लाणी सुटले. मुल्लाणींमागं शेटे. शेट्यांमागं सात घरं, त्यांच्यामागं अख्खी गल्ली. चाळीस घरं ओळीनं निघाली आणि सगळ्यात शेवटी, त्यांच्याच अटीवर, त्यांच्याच शब्दाला जागून, बाळगोंडा मगदूम. घरं एकेचाळीस, निघणारी एकेचाळीस, बोटी सहा.

अल्फियानं तोंडावर हात धरला. ईश्वरीला एकदम ओरडावंसं वाटलं.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “हे खेळातलं गाव नाही. नोंद झाली की यादी पंचायतीच्या बोर्डावर लागते, निघण्याच्या क्रमानं. पहिलं नाव मगदूम दिसेल. आणि दुसरी खूण म्हणजे पाणी अजून शेतात असतं, गल्ली कोरडी असते. तेव्हा पहिली बोट घाटावर तुझ्यासाठी येईल, सगळे बघत असतील, आणि तू खरोखर चढायला पाहिजेस. तू चढली नाहीस तर मागचे चाळीस पुन्हा शून्य.”

“तुमचं काय म्हणणं? भरू?”

“मला सांगायची परवानगी नाही. असती तरी सांगितलं नसतं. मी पुण्यात राहते, ईश्वरी. पाच वाजेपर्यंत इथं आहे.”

---

ती घरी पोहोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. पप्पा गोठ्यात म्हशींचं धार काढायचं यंत्र धूत होते. मम्मी ओट्यावर मेथी निवडत होती. ईश्वरीनं ठरवलं होतं, आधी पप्पांनाच नियम बदलायला सांगायचं. ते बदलले तर प्रश्नच मिटला.

तिनं सगळं सांगितलं. एका दमात, हातवारे करत, मध्येच भिंतीवर बोटानं घरं काढत. पप्पांनी ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत.

“मशीनला काय कळतंय?” ते म्हणाले. “माझ्या वडलांनी आख्खी गल्ली बाहेर काढली आणि मग पाय उचलला. लोक अजून सांगतात. माणसं आपल्याकडं बघतात, ईशू. आपण पाय रोवून उभारायचं असतंय.”

“माणसं तुमच्याकडं बघतात आणि तुम्ही माणसांकडं बघता, पप्पा. सगळी नुसती बघतात. निघत कोणच न्हाई.”

“म्हशी कुठं न्यायच्या मग?” मम्मीनं ओट्यावरून विचारलं. “आधी म्हशींचं सांगा.”

“म्हशींचा ट्रक पहिल्या खुणेलाच येतोय, मम्मी. यादीत हाय. पप्पांनी फक्त नियम बदलायचा.”

“ते मला काय विचारती? पप्पांना विचार.”

“पप्पा, बदलताय?”

“तुझ्या मम्मीला विचार. घर ती सोडणार, मी न्हाई. ती तयार असंल तर बघू.”

“मम्मी?”

“ते म्हणतील ते. मी काय वेगळी हाय व्हय?”

ईश्वरी दोघांच्या मध्ये उभी होती. तिनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि तिला हसूच फुटलं. लहानपणापासून सहलीला जायचं असो, सायकल घ्यायची असो, ह्याच दोन पायऱ्यांवर ती वर-खाली करत आली होती.

“हसायला काय झालं?” पप्पांचा आवाज चढला. “बोर्डावर पळणाऱ्यांत पहिलं नाव मगदूमांचं लागू दे म्हणतीस? उद्या डेअरीत उभारून मी काय सांगू? लोक म्हणतील, अण्णाच्या घरचं पाणी बघायच्या आधीच पळालं.”

हसू गेलं. सांगायचं की नाही याचा ईश्वरीनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं. अल्फियाचे अब्बू खिडकीतून काय बघायचे, काय म्हणायचे, आणि दादी कधी गेली. ह्या वेळी तिनं हातवारे केले नाहीत.

नळ चालू राहिला. यंत्राची नळी धुऊन झाली होती, तरी पप्पा ती पुन्हा धुवायला लागले. मम्मीच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

“मुल्लाण्यानं कधी बोलून दाखवलं न्हाई,” पप्पा म्हणाले.

“कोणच बोलत न्हाई.”

“मी त्यांच्यासाठी थांबलो होतो, ईशू. त्यांना टाकून कसा जाणार होतो मी?”

“माहीत हाय, पप्पा.”

त्यांनी नळ बंद केला. तिला वाटलं, आता म्हणतील, चल, बदलू. पण ते गोठ्याच्या दारात जाऊन नदीकडं तोंड करून उभे राहिले. मे महिन्याची नदी, वाळूत हरवलेली, गुडघाभर. “एवढ्यात काय घाई हाय,” ते म्हणाले. “शेट्यांशी बोलतो. मुल्लाण्याशी बोलतो. त्यांचं काय म्हणणं पडतंय बघू, मग ठरवू.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ईश्वरीला पहिल्यांदाच जाणवलं की पप्पा हट्टी नाहीत. त्यांना खरंच पहिलं पाऊल कुठं टाकायचं ते दिसत नाही. आयुष्यभर ते शेवटचेच निघाले होते. आणि तिलाही ते दिसत नव्हतंच. दुसऱ्या खुणेला, कोरड्या गल्लीतून, चाळीस दारं उघडी असताना, हातात पिशवी घेऊन एकटीनं चालत जायचं होतं. गॅदरिंगच्या माइकपुढं उभं राहणं त्यापुढं काहीच नव्हतं. तिथं लोक हसले की बरं वाटायचं.

“शेटे म्हणतील, अण्णा म्हणतील ते,” ती म्हणाली. “मुल्लाणी म्हणतील, अण्णा म्हणतील ते. संध्याकाळ होईल, पप्पा. यादी पाचला बंद होते.”

“मग तुझं म्हणणं तरी काय?” मम्मी ओट्यावरून उठली. “एवढीशी पोर, एकटी बसणार पहिल्या बोटीत?”

“एकटीच बसतो.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही तुमच्या अटीनं या. सगळ्यात शेवटी या. पप्पांचा शब्द मोडत न्हाई ह्यात, मी बघून आलोय.” तिनं दप्तरातून आधार कार्ड काढून मुठीत धरलं. चप्पल घातली. आवाज हॉलमध्ये निघाला होता तसाच निघाला, शेजारच्या शेट्यांच्या ओट्यापर्यंत जाईल असा.

“मी परवानगी मागत न्हाई, सांगायला आलोय. पंचायतीत जाऊन माझी ओळ लिहून येतो. पाणी दुसऱ्या खुणेला लागलं की मी निघणार. कोण निघू दे, न्हाईतर न निघू दे.”